थकव्याची नोंद कशी ठेवावी: कालनिर्णयाच्या चौकोनातली पद्धत

नवी वही येते, रकाने आखले जातात, दोन-तीन रंगांची पेनं जमा होतात. पहिले चार दिवस पानभर मजकूर. पाचव्या दिवशी चार ओळी. मग एकदम बाराव्या दिवशी ‘आज फारच वाईट दिवस’ आणि त्यानंतर कोरी पानं. दीर्घ आजार असलेल्या माणसांच्या अशा वह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत, त्यांतल्या दोन माझ्याच. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, आणि जोडीला थायरॉइड. सुजलेलं बोट डॉक्टरांसमोर धरता येतं, थकवा धरता येत नाही. म्हणून त्याची नोंद लागते.

या वह्या आळसामुळे बंद पडत नाहीत. वाईट दिवशी लिहायला त्राण नसतं आणि चांगल्या दिवशी आठवण होत नाही. जे उरतं त्यावरून कुणालाच काही कळत नाही. खालची पद्धत मुद्दाम इतकी लहान ठेवली आहे की अंथरुणाला खिळलेल्या दिवशीही ती अर्ध्या मिनिटात उरकते. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात.

आधी उरकायचं काम: तपासणी

थकवा नवा असेल किंवा जुना थकवा अलीकडे वाढला असेल, तर नोंदीआधी डॉक्टर. आजार आधीच माहीत असला की प्रत्येक गोष्ट त्याच्याच खात्यावर टाकायची सवय लागते, आणि साधी, बरी होणारी कारणं राहून जातात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या यांपैकी तुम्हाला काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषाचं १३ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ बद्दल आपण होऊन विचारा. थायरॉइडची गोळी नुकतीच कमी-जास्त झाली असेल, तर टीएसएच स्थिरावायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याआधीच्या थकव्यावरून नवा डोस चुकला असा निष्कर्ष काढू नका.

माझ्या मावसबहिणीने दोन महिने अगदी निष्ठेने नोंद ठेवली. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. ते दोन महिने गोळ्या घेण्यात गेले असते तर बरं झालं असतं.

थांबा: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, डांबरासारखी काळी शौच. यांपैकी काही असेल तर नोंद करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट इस्पितळ गाठा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कारण नसताना वजन उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि थकव्याबरोबर जगणंच नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पायरी १: ‘थकवा’ हा शब्द फोडून घ्या

आपल्या भाषेत याला इतके शब्द आहेत, आणि दवाखान्यात गेलं की आपण सगळ्यांच्या जागी ‘वीकनेस’ म्हणतो. डॉक्टर टॉनिक लिहून देतात आणि विषय संपतो. एकदा निवांत बसा आणि तुमच्या बाबतीत खालीलपैकी कोणते शब्द खरे आहेत ते ठरवा.

शीण: काम केल्यावर येतो, झोपलं की उतरतो. हा सगळ्यांनाच येतो, याची नोंद करायची गरज नाही.
गळून जाणं: काम थोडं, परिणाम मोठा. रात्रभर झोपूनही सकाळी तसाच. दीर्घ आजारातला थकवा म्हणजे बहुधा हा.
अशक्तपणा: स्नायूंत जोर नाही. बरणीचं झाकण उघडत नाही, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. ही वेगळी तक्रार आहे, वेगळी सांगायची.
दम लागणं: जिन्यावर थांबावं लागतं ते पायांमुळे की श्वासामुळे? श्वासामुळे असेल तर तो थकव्यात मोजू नका. हृदय, फुप्फुस, रक्त यांचा विचार डॉक्टरांना करू द्या.
झोप येणं: डोळे मिटतात, बसल्या बसल्या डुलकी लागते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही हे होतं. घोरणं असेल तर तेही सांगा.
मरगळ: शरीरात त्राण आहे, पण काही करावंसं वाटत नाही. मनाची बाजू तपासण्यासारखी असते.
डोकं न चालणं: शब्द सापडत नाही, गॅसवर काय ठेवलंय ते आठवत नाही, भाजीचा हिशेब दोनदा चुकतो.

यांतले तुमचे जास्तीत जास्त दोन निवडा. मी ‘गळून जाणं’ आणि ‘डोकं न चालणं’ हे दोन घेतले. सगळे सात मोजायला गेलात तर नवव्या दिवशी वही कपाटात जाईल.

पायरी २: आकडा भावनेला नको, कामाला बांधा

‘दहापैकी किती?’ हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण सोमवारचा सात आणि गुरुवारचा सात एकच आहे कशावरून? घरात वाद झाला असेल तर सात, मुलीचा निकाल चांगला लागला असेल तर त्याच अंगाला पाच. म्हणून आकडा त्या दिवशी काय जमलं यावर ठरवायचा. शून्य ते पाच पुरेत. माझी पट्टी अशी आहे:

० – थकवा आठवलाच नाही.
१ – जाणवला, पण एकही काम बदललं नाही.
२ – सगळी कामं झाली, पण मध्ये मध्ये बसावं लागलं. पोळ्या स्टुलावर बसून लाटल्या.
३ – किमान एक ठरलेलं काम सोडलं किंवा दुसऱ्यावर ढकललं.
४ – फक्त स्वतःपुरतं. अंघोळ बसून, केस धुणं रद्द, फोन उचलला नाही.
५ – पडून. ताट कुणीतरी खोलीत आणून दिलं.

ही पट्टी उतरवून घेऊ नका, तुमची लिहा. ऑफिसला लोकलने जाणाऱ्याचा ३ वेगळा असेल: ‘घरी आल्यावर कपडे न बदलता तासभर आडवा’. एकट्या राहणाऱ्याला ५ वर ताट आणून देणारं कुणी नसतं. त्याचा ५ म्हणजे ‘बिस्किटांवर भागवलं’. प्रत्येक आकड्यापुढे दिसणारं, घडणारं काम हवं. ‘खूप’, ‘फारच’, ‘बरंच’ हे शब्द पट्टीत येता कामा नयेत.

तपासून पाहा: पट्टी घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि कालचा तुमचा आकडा त्यांना विचारा. त्यांचं उत्तर तुमच्याशी एका आकड्याच्या फरकात जुळलं तर पट्टी चांगली. फार चुकलं तर शब्द अजून धूसर आहेत.

एकदा ठरलेली पट्टी किमान तीन महिने बदलायची नाही. मध्येच सुधारली तर आधीचे आकडे वाया.

पायरी ३: जागा, वेळ आणि खुणा

स्वयंपाकघरात टांगलेलं कालनिर्णय ही महाराष्ट्रातली सर्वांत टिकाऊ नोंदवही आहे. दूध आलं नाही, गॅस लावला, कामवाल्या मावशींची सुट्टी, हे सगळं त्या चौकोनांत वर्षानुवर्षं बिनचूक लिहिलं जातं, कारण तिथे जागाच एवढीशी असते. थकव्याची नोंदही त्याच चौकोनात करा. पेन दोरीने खिळ्याला बांधा. हे हास्यास्पद वाटेल, पण माझी दुसरी वही पेन न सापडल्यामुळे बंद पडली. खुणा सांकेतिक असल्याने कुणी वाचेल ही भीती नाही. पाहुण्यांना तो दुधाचा हिशेब वाटतो.

चौकोनात लिहायचं ते इतकंच:

पहिल्या ओळीत तीन आकडे: सकाळ, दुपार, रात्र. उदाहरणार्थ २-२-४. सकाळचा आकडा उठल्याबरोबर देऊ नका, साधारण तासाभराने द्या. तोवर अंघोळ-चहा कसा पार पडला ते कळलेलं असतं.

दुसऱ्या ओळीत दिवसाच्या कामाची खूण: नेहमीपेक्षा जास्त असेल तर +, नेहमीइतकं =, कमी −. काम म्हणजे फक्त शरीराचं नाही. बँकेत दोन तास रांगेत बसणं, लग्नघरी हसतमुखाने वावरणं, मुलाची दहावीची उजळणी घेणं हेही +.

तिसऱ्या ओळीत काही वेगळं घडलं असेल तरच एक अक्षर. औ: औषधात बदल. जा: जागरण. उ: उपवास. पा: पाळी. प्र: प्रवास. ता: ताप, कणकण. भां: भांडण. (हसू नका. माझ्या नोंदीत सर्वांत कामाला आलेलं अक्षर हेच.)

संधिवातवाल्यांनी सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला तेही कोपऱ्यात लिहावं. ते डॉक्टर हमखास विचारतात आणि आपण हमखास अंदाजाने ठोकून देतो. मेथोट्रेक्सेट ही आमवातावरची गोळी घेणाऱ्यांनी तिच्या वाराला गोल करावा. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी गळल्यासारखं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. गोल केलेला वार त्यासाठीही उपयोगी. तिचा वार किंवा वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

घड्याळ आणि ॲपबद्दल लोक विचारतात. पावलांचा आकडा कामाचा आहे, + की = हे ठरवायला मदत होते. पण घरी काम करणाऱ्या बायकांचा फोन दिवसभर फ्रिजवर असतो आणि संध्याकाळी पावलं निघतात ३००. घड्याळ मनगटावर असेल तरच त्यावर विसंबा. आणि ‘गाढ झोप अमुक मिनिटं’ हे आकडे सोडून द्या. उठल्यावर ताजं वाटलं का, हे सकाळच्या आकड्यात आलंच आहे.

चूक जी सगळे करतात: दोन दिवस राहिले म्हणून तिसऱ्या दिवशी आठवून भरणं. आज ४ असेल तर कालचाही ४ वाटतो. राहिलेला चौकोन रिकामा ठेवा, त्यात आडवी रेघ मारा. रेघा खूप झाल्या तर तीनऐवजी फक्त रात्रीचा एक आकडा लिहा, पण रोज.

पायरी ४: पहिले चार आठवडे काहीही सुधारू नका

हे सर्वांत अवघड. नोंद सुरू केली की लगेच लवकर झोपायचं, चालायला जायचं, साखर सोडायची असा उत्साह येतो. थांबा. आधी तुमचं नेहमीचं आयुष्य कागदावर उतरू द्या, नाहीतर पुढे कशाशी तुलना करणार? डॉक्टरांनी सांगितलेली औषधं अर्थात चालू ठेवायची.

गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यात सुरुवात करू नका. सगळेच दिवस + असले की कशामुळे काय झालं ते सुटं करता येत नाही. पाळी येणाऱ्या बायकांना तिचा परिणाम कळायला दोन-तीन महिने तरी लागतील.

रविवारी घरातल्या एकाच माणसाला एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात मी मागच्यापेक्षा बरी दिसले, तशीच, की वाईट?’ उत्तर कडेला लिहा, वाद घालू नका. आवाज बसणं, उत्तरं तुटक होणं हे आपल्याआधी त्यांना दिसतं. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग काय होतंय?’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना या कामाला लावलं तर दुहेरी फायदा होतो, हा स्वानुभव. आमवातात सीआरपी आणि ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आटोक्यात असतानाही थकवा राहू शकतो, हे त्यांना रविवारच्या त्या प्रश्नाने जितकं पटलं तितकं माझ्या सांगण्याने कधी पटलं नव्हतं.

पायरी ५: वाचायचं कसं

वाईट दिवस शोधायचा आणि त्या दिवशी काय केलं ते पाहायचं, असं बहुतेक जण करतात. इथे दोन चुका एकदम होतात. एक तर कारण त्या दिवसात नसतं, आदल्या किंवा त्याच्याही आदल्या दिवसात असतं. दुसरी चूक मोठी: ज्या दिवशी तेच केलं आणि काहीच झालं नाही, ते दिवस कुणी मोजत नाही.

म्हणून उलट दिशेने या. २८ दिवस घ्या. आधी + असलेले दिवस मोजा. प्रत्येक + पासून दोन दिवस पुढचा चौकोन पाहा. त्यात ४ किंवा ५ आहे का? मग उरलेल्या दिवसांसाठी तेच करा. शेवटच्या दोन दिवसांसाठी पुढच्या महिन्याचे दोन चौकोन लागतील.

उदाहरण घेऊ. समजा + चे दिवस ७. त्यांपैकी ५ वेळा दोन दिवसांनी ४ किंवा ५ आला. बाकीचे दिवस २१, त्यांत असं ४ वेळा झालं. सातांत पाच विरुद्ध एकवीसांत चार, हा फरक लक्ष देण्यासारखा आहे. पण सातांत दोन आणि एकवीसांत सहा निघाले असते, तर जास्त काम आणि थकवा यांचा संबंध या महिन्यात तरी दिसत नाही, मग कितीही खात्री वाटो. हीच मोजणी दुसऱ्या दिवसाच्या चौकोनासाठीही करा आणि फटका उद्या बसतो की परवा ते बघा. नंतर जा, भां, औ अशा अक्षरांसाठी.

संकष्टी महिन्यातून एकदाच येते, तेव्हा एका महिन्यात उपवासाचा निकाल लावू नका. एकदा घडलं ते फक्त घडलं.

इथे एक महत्त्वाचं वळण आहे. कष्टानंतर एक-दोन दिवसांनी थकवा उसळतो, केलेल्या कामाच्या मानाने फारच जास्त असतो आणि कित्येक दिवस उतरत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात त्या आजाराची ही मुख्य खूण आहे, आणि कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासातही ती दिसते. अशा रुग्णांना ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. उलट आमवातात झेपेल तसा नियमित व्यायाम थकवा कमी करायला मदत करतो. ‘रोज चालायला जा’ हा एकच सल्ला एकाला औषध आणि दुसऱ्याला अपाय ठरू शकतो, आणि तुम्ही कुठल्या बाजूचे हे ठरवायला डॉक्टरांना ते चौकोन लागतील.

पायरी ६: एका वेळी एकच बदल

पाचव्या पायरीत जे सर्वांत ठळक दिसलं, त्यावर एकच बदल करा आणि तीन आठवडे तो टिकवा. माझ्या बाबतीत तो बदल होता रविवारची कामं फोडण्याचा. कपाट आवरणं, आठवड्याची भाजी निवडणं आणि तीन मजले चढून आणलेला बाजार हे सगळं रविवारी, मग मंगळवारी ४. बाजार बुधवारी गेला, मंगळवार ३ वर आला. चमत्कार नाही, पण मंगळवारी फोन उचलता येऊ लागला.

औषध हा ‘बदल’ तुमच्या हातातला नाही. नोंदीत एखाद्या गोळीवर संशय आला, तरी स्वतः बंद करू नका. स्टेरॉइड आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

पायरी ७: डॉक्टरांपुढे एकच कागद

ओपीडीत तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. तिथे कालनिर्णय उलगडू नका. मी एकदा नेलं होतं. डॉक्टरांनी भलत्याच महिन्याचं राशिभविष्य उघडलं. आदल्या रात्री अर्ध्या पानावर एवढं लिहा:

‘२८ दिवसांत ४ किंवा ५ आकडा: ९ दिवस. मागच्या महिन्यात ५.
जास्त कामानंतर दोन दिवसांनी: ७ पैकी ५ वेळा.
सकाळचा ताठरपणा: बहुधा ४० मिनिटं, आधी २०.
जमेनासं झालेलं: केस धुणं, जिना दुसऱ्यांदा चढणं.
नवीन औषध: ८ तारखेपासून.
प्रश्न: हा आजार वाढल्याचा थकवा आहे की औषधाचा?’

सोबत पट्टीतल्या ४ आणि ५ चा अर्थ एका ओळीत लिहा. प्रश्न एकच ठेवा, दोन फार तर. कागदाची प्रत डॉक्टरांना द्या आणि फाइलला लावायला सांगा. पुढच्या वेळी नवे डॉक्टर असले तरी तो तिथे असेल.

पायरी ८: नोंद कमी कधी करायची

तीन महिन्यांनी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. मग रोजची नोंद थांबवून महिन्यातला एकच आठवडा धरा, दर महिन्याला तोच, म्हणजे पहिला तर पहिला. औषध बदललं, नवीन त्रास सुरू झाला किंवा शस्त्रक्रिया झाली की पुन्हा चार आठवडे रोज.

त्याआधीही थांबायची एक वेळ असते. सकाळी डोळे उघडल्याबरोबर ‘आज किती?’ हाच विचार येऊ लागला, ४ लिहायचा म्हणून अंग आणखी गळू लागलं, किंवा ३ ला २ लिहून घरच्यांना बरं वाटावं असा मोह होऊ लागला, तर पेन पंधरा दिवस खिळ्यावरून काढून ठेवा. चौकोनात दूध, गॅस आणि मावशींची सुट्टी तेवढी लिहा.